न दिसणाऱ्या दांडीवरून उडी

घोड्याची उडी तुम्ही टीव्हीवर पाहिली असेल, निदान ऑलिंपिकच्या वेळी तरी. ती इतकी सहज दिसते की तिच्यात नवल करण्यासारखं काही आहे हे ध्यानातच येत नाही. म्हणून आधी थोडं मोजून बघू. मोठ्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत दांडी जमिनीपासून १.६० मीटर उंचीवर असते. तुम्ही तिच्यासमोर उभे राहिलात तर ती तुमच्या डोळ्यांच्या आसपास येईल. घोड्याची स्वतःची पाठही साधारण तेवढ्याच उंचीवर असते. म्हणजे पाच-सहाशे किलोंचा हा देह पाठीवर माणूस आणि खोगीर घेऊन स्वतःच्या उंचीवरून पलीकडे जातो. तेही एकदा नव्हे, दीड मिनिटाच्या आत डझनभर वेळा!

खरं आश्चर्य तर पुढेच आहे. ज्या क्षणी घोडा जमीन सोडतो, त्या क्षणी त्याला ती दांडी दिसत नसते.

हे कसं काय? घोड्याचे डोळे जमिनीवरच्या सस्तन प्राण्यांतल्या सर्वांत मोठ्या डोळ्यांमध्ये मोडतात आणि ते डोक्याच्या दोन बाजूंना असतात. मान न वळवता त्याला सुमारे ३५० अंशांचा परिसर दिसतो. खाली मान घालून चरत असताना मागून लांडगा येत असेल तर तो दिसायला हवा ना! पण या सोयीपायी एक गोष्ट त्यानं गमावली. कपाळाच्या थेट समोर आणि नाकाच्या खाली एक आंधळा पट्टा राहून गेला. धावत आलेला घोडा दांडीच्या साधारण दोन मीटर अलीकडून उडतो आणि तेवढ्यात दांडी त्या पट्ट्यात शिरलेली असते. काही ढांगा आधी त्यानं जे पाहिलं, त्या आठवणीवर तो झेपावतो.

रंगांचंही तसंच. आपल्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशी तीन प्रकारच्या, घोड्याच्या दोनच. निळा आणि पिवळा त्याला कळतो, लाल-हिरव्यातला फरक मात्र जवळजवळ कळत नाही. ब्रिटनमधल्या अडथळ्यांच्या शर्यतींत कित्येक वर्षं अडथळ्यांवर नारिंगी पट्टा असायचा. माणसाला तो लांबून ठळक दिसे. एक्सेटर विद्यापीठातल्या संशोधकांनी घोड्याच्या नजरेनं हिशेब मांडला, तेव्हा कळलं की तो पट्टा त्याच्यासाठी मागच्या हिरवळीत विरूनच जात होता. आता तिथं पांढरा रंग आला आहे.

आणि उडी संपते कुठे? एका पायावर. उतरताना आधी पुढचा एक पाय टेकतो, मग दुसरा, आणि त्या पहिल्या पायावर क्षणभर सगळा भार येतो. तुम्हीआम्ही अशा उंचीवरून हातावर पडलो तर गळपट्टीचं हाड मोडेल. घोड्याचं मोडत नाही, कारण त्याला ते हाडच नसतं! त्याचे पुढचे पाय धडाला हाडानं जोडलेलेच नाहीत. दोन खांद्यांच्या मधे स्नायूंची झोळी बांधावी आणि तिच्यात छाती ठेवावी, तशी ही रचना आहे. धक्का बसला की झोळी ताणली जाते आणि छाती थोडी खाली जाते.

मग असा प्राणी आपण होऊन उड्या मारत असेल, असं वाटेल. तसं नाही. वळसा घालून जाता येत असेल तर मोकळा घोडा वळसाच घालतो. उडीची गरज माणसाला पडली. अठराव्या शतकात इंग्लंड-आयर्लंडमधली मोकळी रानं कुंपणं आणि बांध घालून बंदिस्त होत गेली. कोल्ह्यामागे धावणाऱ्या शिकाऱ्यांना आता वाटेत काटेरी झुडपं, चर, दगडी भिंती आडव्या येऊ लागल्या. त्यांवरून जो घोडा पार होईल त्याला भाव. आयर्लंडकडे असे घोडे होते. शेतात नांगर ओढणारी आणि रविवारी मालकाला गाडीतून चर्चला नेणारी तिथली दणकट आयरिश ड्राफ्ट जात आणि शर्यतीचा चपळ थरोब्रेड यांच्या संकरातून ते जन्मायचे. एकाकडून हाडं आणि शांत डोकं, दुसऱ्याकडून वेग.

हे घोडे गिऱ्हाइकाला दाखवायचे म्हणून रॉयल डब्लिन सोसायटी या संस्थेनं १८६८ साली डब्लिनमधल्या लेन्स्टर हाउसच्या हिरवळीवर प्रदर्शन भरवलं. नोंदी आल्या ३६६ आणि बक्षिसांची एकूण रक्कम होती ५२० पौंड. त्या सुरुवातीच्या प्रदर्शनांतली उडी म्हणजे मालाची परीक्षा होती. झुडपांनी सजवलेल्या कुंपणावरून उंच उडी, पाण्यावरून लांब उडी, शिवाय दगडी भिंत. बाजारात बैल घेताना आपण त्याला चालवून बघतो, इथं घोडा उडवून बघायचे. १८८१ मध्ये प्रदर्शन शहराबाहेरच्या बॉल्सब्रिजला हललं. तिथं एकामागून एक अडथळे मांडून सलग मार्ग आखला गेला आणि आठशे माणसं बसतील असा पहिला प्रेक्षकमंचही उभा राहिला. १८९५ पर्यंत नोंदी इतक्या वाढल्या की घोडे जोडीजोडीनं सोडावे लागले. दोन घोडे एकाच वेळी उडताहेत आणि परीक्षकांनी दोघांकडेही पाहायचं! त्यांची काय त्रेधा उडाली असेल.

पण त्या काळच्या स्वारांची चित्रं पाहिलीत तर तुम्हाला धक्का बसेल. घोडा हवेत आहे आणि स्वार मागे रेललेला, पाय पुढे ताठ, लगाम छातीशी ओढलेला. समजूत अशी की घोड्याचे नाजूक पुढचे पाय वाचवायला हवेत, म्हणून डोकं वर खेचून त्याला मागच्या पायांवर उतरवायचं. शेकडो वर्षं घोड्यांबरोबर जगलेल्या माणसांची ही समजूत, आणि ती शंभर टक्के उलटी! उडताना घोड्याला मान पुढे-खाली लांबवायची असते, तोल त्यानंच साधतो. नेमक्या त्या क्षणी तोंडातल्या लोखंडाला हिसका बसायचा आणि सगळं वजन मागच्या पुठ्ठ्यांवर आदळायचं. तरीही ते घोडे उडत राहिले, याचंच मला जास्त नवल वाटतं.

ही चूक पकडली इटलीच्या घोडदळातल्या फेदेरीको काप्रिल्ली नावाच्या कॅप्टननं. योगायोग बघा, त्याचा जन्मही १८६८ चाच. त्यानं अगदी साधी गोष्ट केली. पाठीवर कुणीही नसताना घोडे कसे उडतात हे पाहिलं, त्यांची छायाचित्रं तपासली. मोकळा घोडा पुढच्या पायांवर उतरतो, दर वेळी. मग स्वारानं त्याला अडवायचं कशाला? काप्रिल्लीनं रिकिबी आखूड केल्या, स्वाराला खोगिरावरून थोडं उचललं, पुढे झुकवलं आणि हात घोड्याच्या तोंडामागोमाग सैल जाऊ दिले. वरिष्ठांना हे पटायला वेळ लागला. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात इटलीच्या घोडदळानं ही पद्धत स्वीकारली. १९०७ मध्ये घोड्यावरून पडून काप्रिल्ली गेला, चाळिशीही न गाठता. आज शो जंपिंगमध्ये, म्हणजे घोड्यांच्या उड्यांच्या या खेळात, जगातला प्रत्येक स्वार त्याच्याच पद्धतीनं बसतो.

इथून कथेत जी माणसं येतात, ती एखाद्या कादंबरीत आली असती तर आपण म्हटलं असतं, लेखकानं अतिच केलं.

१९२५ मध्ये स्वित्झर्लंडच्या सैन्यातल्या कर्नल झिग्लर यांनी सुचवलं की डब्लिनच्या प्रदर्शनात देशादेशांच्या लष्करी संघांची स्पर्धा घ्यावी. ही कल्पना कानावर गेली आणि एका गृहस्थांनी करंडक देऊ केला. हे गृहस्थ म्हणजे तिसरे आगा खान, सर सुलतान महंमद शाह! पुण्याच्या नगर रस्त्यावरचा आगा खान पॅलेस आठवा. तोच, जिथं १९४२ पासून गांधीजींना स्थानबद्ध करून ठेवलं होतं आणि जिथं कस्तुरबांनी अखेरचा श्वास घेतला. तो १८९२ मध्ये बांधवून घेणारे हेच. त्यांचा जन्म कराचीचा, बालपण गेलं मुंबई-पुण्यात. त्यांचे आजोबा इराणातून येऊन मुंबईत स्थायिक झाले, आणि घोड्यांचं वेड या घराण्यात तेव्हापासूनचं. पुढे सुलतान महंमद शाहांनी युरोपात तबेले उभारले, आयर्लंडमध्ये घोड्यांची पैदास सुरू केली आणि त्यांच्या घोड्यांनी इंग्लंडची डर्बी ही शर्यत एकंदर पाच वेळा मारली. डब्लिनच्या करंडकावर जे नाव आहे ते असं आपल्या ओळखीचं निघतं.

आता १९२६ मधलं आयर्लंड डोळ्यांपुढे आणा. ब्रिटिशांपासून सुटून जेमतेम चार वर्षं झालेली. यादवी युद्ध नुकतंच संपलेलं. ज्या लेन्स्टर हाउसच्या हिरवळीवर १८६८ चं प्रदर्शन भरलं होतं, ती वास्तू आता नव्या देशाची संसद झाली होती. परदेशांचे संघ येणार, मग यजमानांचा संघ कुठाय? रॉयल डब्लिन सोसायटीत वजन असलेल्या न्यायमूर्ती विल्यम वायली यांनी आग्रह धरला की सैन्यानं घोडेस्वारीची शाळा काढावी. सरकारचे प्रमुख विल्यम कॉसग्रेव्ह यांनी ते मान्य केलं.

या दोघांची आधीची ओळख कुठली? १९१६ च्या ईस्टरमधल्या ब्रिटिशांविरुद्धच्या उठावानंतर बंडखोरांवर लष्करी न्यायालयात खटले चालले, तेव्हा ब्रिटिशांच्या बाजूनं सरकारी वकील होते वायली, आणि समोरच्या आरोपींत होते कॉसग्रेव्ह. त्यांना मृत्युदंड सुनावला गेला, नंतर तो जन्मठेपेवर आला. दहा वर्षांनी तोच आरोपी देशाचा प्रमुख आहे, तोच वकील त्याच्या राज्यात न्यायाधीश आहे आणि दोघं मिळून ठरवताहेत की सैन्यासाठी उड्या मारणारे घोडे घ्यायचे. माणसं काय काय मागे टाकू शकतात! इतिहासाच्या पुस्तकांत या प्रसंगाला याहून जास्त जागा मिळायला हवी होती.

शाळा निघाली फिनिक्स पार्कला लागून असलेल्या मॅकी बराकीत. ही बराक मूळची ब्रिटिश घोडदळाची. डॅन कॉरी, जेड ओड्वायर आणि सिरिल हार्टी हे पहिले तीन स्वार. तयारीला मिळाले काही महिने. ऑगस्टमध्ये सहा देश मैदानात उतरले: ब्रिटन, हॉलंड, बेल्जियम, फ्रान्स, स्वित्झर्लंड आणि आयर्लंड. पहिला करंडक नेला स्विस संघानं. कोणत्या घोड्यांवर बसून? आयर्लंडमध्ये पैदास झालेल्या! म्हणजे यजमानांचे घोडे जिंकले आणि स्वार हरले. उणीव नेमकी कशाची आहे ते सगळ्यांना लख्ख कळलं.

१९२८ मध्ये आयर्लंडनं पहिल्यांदा आगा खान करंडक जिंकला. शाळेत नवा प्रशिक्षक आला तोही १९२८ मध्येच. कर्नल पॉल रोडझियांको हा रशियाच्या झारच्या घोडदळातला अधिकारी. त्यानं इटलीत जाऊन काप्रिल्लीची पद्धत आत्मसात केली होती. १९१२ ते १९१४ अशी सलग तीन वर्षं लंडनच्या ऑलिंपिया हॉलमधली सांघिक स्पर्धा मारणाऱ्या रशियन संघात तो होता. मग क्रांती झाली. झारच्या कुटुंबाची हत्या झाली, त्यातून वाचलेला राजपुत्राचा जॉय नावाचा स्पॅनियल कुत्रा रोडझियांकोनंच पुढे इंग्लंडला नेला. देश गेला, सैन्य गेलं, पण घोड्यावर कसं बसायचं हे ज्ञान त्याच्याजवळ उरलं आणि ते त्यानं डब्लिनमधल्या शेतकरी घरांतून आलेल्या पोरांना दिलं. इटालियन कॅप्टनचा विचार रशियन कर्नलच्या मुखातून आयरिश पोरांपर्यंत! १९३० च्या दशकात या शाळेचे संघ युरोप-अमेरिकेत जिंकत सुटले. १९३० मध्ये स्विसांनी मूळ करंडक कायमचा घरी नेला होता. त्याच्या जागी आलेला दुसरा १९३७ मध्ये आयर्लंडनं कायमचा मिळवला.

एवढं होईपर्यंत संघात फक्त लष्करी अधिकारी असत. ती अट १९४९ पर्यंत टिकली. स्त्रियांना डब्लिनच्या मैदानात १९१९ पासून उड्या मारता येत होत्या, पण देशाच्या संघाचं दार बंद होतं. ते उघडलं त्याच साली डब्लिनच्या आयरिस केलेट यांनी रस्टी नावाच्या घोड्यावर लंडनचा प्रिन्सेस एलिझाबेथ चषक जिंकला. १९५२ मध्ये त्या पडल्या, पाय मोडला, वर धनुर्वात झाला. त्यातून उठायला वर्षं गेली. आणि १९६९ मध्ये डब्लिनमध्येच मॉर्निंग लाइट या घोड्यावर त्या युरोपच्या महिला विजेत्या झाल्या! आज डब्लिनमध्ये आणि ऑलिंपिकमध्येही स्त्री-पुरुष एकाच मार्गावर, एकाच उंचीवर, एकमेकांविरुद्ध उतरतात. असे खेळ हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच.

डब्लिनच्या सांघिक स्पर्धेचा नियम समजायला सोपा आहे. एका देशाचे चार स्वार, दोन फेऱ्या. दांडी पडली की चार दोष. घोडा अडून राहिला तरी चार. दुसऱ्यांदा अडला की बाद. वेळ ओलांडली तर त्याचे दोष वेगळे. प्रत्येक फेरीत चौघांतली सर्वांत वाईट कामगिरी सोडून द्यायची आणि उरलेल्या तिघांची बेरीज करायची. बेरीज ज्याची सर्वांत कमी तो जिंकला.

पण दांडी इतक्या सहज पडते का? पडते, कारण ती पाडण्यासाठीच ठेवलेली असते. दोन्ही टोकांना ती धातूच्या उथळ वाटीत नुसती टेकवलेली असते, वाटीची खोली जेमतेम दोन सेंटिमीटर. मागच्या खुराचा ओझरता स्पर्श झाला तरी दांडी गुल. फार पूर्वी दांडीवर लाकडाची एक पातळ पट्टी ठेवत आणि ती हलली तरी दोष धरत. पुढच्या पायाची चूक मोठी आणि मागच्या पायाची लहान, असाही हिशेब असे. सुदैवानं ती किचकट पद्धत गेली.

आणि खरी स्पर्धा घोडा मैदानात येण्याआधीच सुरू होते. स्पर्धेपूर्वी स्वार पायी मार्ग फिरतात. उंच बूट घातलेली, अंगात कोट असलेली माणसं दोन अडथळ्यांच्या मधून ओठ हलवत चालताना तुम्हाला दिसतील. ती पावलं मोजत असतात. घोड्याची एक ढांग सुमारे साडेतीन मीटरची, म्हणजे माणसाची चार ताणलेली पावलं. उतरायला दोन पावलं, उडायला दोन पावलं, मधे किती ढांगा बसतात? मार्ग आखणारा इथेच खोडी काढतो. तो अंतर असं ठेवतो की पाच ढांगा थोड्या लांब पडाव्यात आणि सहा थोड्या आखूड. लांब ढांगांच्या घोड्यानं पाच घ्याव्यात की आवरून सहा? हे स्वारानं वेगात असताना एका क्षणात ठरवायचं. अर्ध्या मीटरची गफलत झाली तर घोडा दांडीच्या फार जवळून किंवा फार लांबून उडेल. घोड्याला दांडी शेवटी दिसणार नाही हे आपल्याला माहीत आहेच. तेव्हा त्याला नेमक्या जागी आणून सोडणं, एवढंच स्वाराच्या हाती असतं.

डब्लिनच्या मैदानाला आणखी एक तिढा होता. तिथं गवतानं झाकलेले मातीचे बांध होते, आयर्लंडच्या शेतांतल्यासारखेच. घोड्यानं बांधावर उडी मारून चढायचं, वर पाय बदलायचे आणि पलीकडे झेप घ्यायची. १९७६ मध्ये, आंतरराष्ट्रीय स्पर्धेला पन्नास वर्षं झाली तेव्हा, हे बांध काढून टाकले, कारण मैदान इतर कामांनाही लागत होतं. सोय झाली खरी, पण डब्लिनचं असं जे होतं ते त्या मातीबरोबर गेलं, असं मला वाटतं.

मग आली ती तीन वर्षं, ज्यांच्याबद्दल आयर्लंडमध्ये आजही लोक भरभरून बोलतात. १९७७, १९७८, १९७९. संघ होता एडी मॅकन, पॉल डॅराह, कॅप्टन कॉन पॉवर आणि जेम्स केर्नन यांचा. मॅकन हा आयरिस केलेट यांचाच शिष्य आणि त्याचा घोडा बूमरँग. हा घोडा तरुणपणी केलेट यांच्या तबेल्यात मॅकनच्या हाताखाली होता. मग तो विकला गेला, इंग्लंडला गेला, तिथून जर्मनीला. काही वर्षांनी मॅकन जर्मनीत एका तबेल्यात काम करत असताना त्याला तात्पुरता घोडा हवा होता, आणि समोर आला हाच! पुढे दोघांनी इंग्लंडमधली हिकस्टेड डर्बी ही उड्यांची स्पर्धा ओळीनं चार वर्षं जिंकली. बूमरँगच्या तोंडात लोखंड नसे. नाकावरच्या पट्ट्यानंच मॅकन त्याला वळवायचा आणि थांबवायचा. १९७८ च्या जागतिक स्पर्धेत आखेन इथं शेवटच्या चार स्वारांनी एकमेकांचे घोडे घेऊन मार्ग पार करायचा होता. मॅकनचं विजेतेपद हुकलं ते पाव दोषानं.

डब्लिनमध्ये मात्र हुकलं नाही. सलग तीन विजयांनी तो करंडक कायमचा आयर्लंडचा झाला आणि १९८० मध्ये चौथ्या आगा खानांनी नवा करंडक दिला. १९२६ पासून धरला तर हा सहावा.

ऑगस्टमध्ये ही स्पर्धा पाहण्याचा योग आला तर घोड्याचे पाय सगळेच बघतील, तुम्ही स्वाराचे हात बघा. अडथळ्यापूर्वीच्या वळणावर ते काम करताना दिसतील, ढांग आवरताना, सोडताना. घोडा उडाला की ते त्याच्या मानेवरून पुढे सरकतील, लगाम सैल होईल आणि मान हवी तेवढी लांब जाईल. नंतर कान द्या. उतरल्यावर वाटीतल्या दांडीचा खडखडाट ऐकू येईल, आणि ती पडली की नाही हे स्वाराला मागे वळून न पाहता तुमच्याच आवाजावरून कळेल.